पहिला बेस कोणाचा? सिनॉप्सिसमधल्या ‘प्रथमच’ची गोष्ट



पेट झाली, कोर्सवर्क सुरू आहे आणि सिनॉप्सिस लिहायला बसलोय, अशा अवस्थेत तुमच्यापैकी बरेच जण असतील. त्या सिनॉप्सिसमध्ये एक शब्द हमखास येतो: ‘प्रथमच’. माझ्याही आला होता. मी भौतिकशास्त्राचा. झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांपासून गॅस सेन्सर बनवतो. एका विशिष्ट डोपंटचा थर अमोनिया ओळखू शकतो हे ‘प्रथमच’ दाखवणार आहे, असं मी ऐटीत लिहिलं होतं. सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी त्या शब्दाखाली पेनाने रेघ ओढली आणि विचारलं, “प्रथमच म्हणजे नेमकं काय? कोणी केलं नाही, की तुम्ही वाचलं नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. दुरुस्ती करून पुन्हा या, असा शेरा मिळाला आणि सहा महिने गेले. आजची पोस्ट त्या एका शब्दाबद्दल आहे. पण ती समजली मला बेस गिटारमुळे, म्हणून सांगणारही तिच्याच वाटेने आहे. थोडा धीर धरा.

एकाच हातचं आहे नं?

त्याच सुमारास फेलोशिप रखडलेली होती. मेसचे पैसे द्यायचे होते. एम.एस्सी.ला असताना मी एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना बेस आणि छोटा अँप घेतला होता, तो विकायला काढला. बघायला कामठीचा एक मुलगा आला. वय वीस-बावीस, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा. अमरावती रोडवरच्या माझ्या खोलीत शिरल्या शिरल्या त्याने पहिला प्रश्न टाकला, “भाऊ, एकाच हातचं आहे नं?”

मी म्हटलं, माझ्याआधी एकच मालक, आणि आत कोणी हात लावलेला नाही. त्याने मान हलवली, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मागचं झाकण उघडलं. मी सिरीयल नंबर दाखवू लागलो तर म्हणाला, “नंबर तं कोणीबी चिटकवते भाऊ. सोल्डर पाहू द्या.” मोबाइलचा टॉर्च आत मारला. “हा व्हॉल्यूमचा पॉट बदलवलेला आहे. दोन वेगळ्या हातचं सोल्डर आहे.”

खरंच होतं. एक सांधा चकचकीत, दुसरा मळकट आणि ढेकळासारखा. मी खोटं बोललो नव्हतो, मी फक्त पाहिलं नव्हतं. मॅडमचा प्रश्न आठवला आणि किमतीतले पाचशे रुपये मी मुकाट्याने कमी केले.

जुन्या वाद्यांच्या खरेदी-विक्रीत ही तपासणी नवी नाही. जुन्या अमेरिकन बेसच्या बाबतीत तर तिचं पक्कं तंत्र आहे. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. समजा १३७६५१२ असं लिहिलं आहे. १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ६५ म्हणजे १९६५ साल, १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. आता विचार करा. पॉट मूळचाच असेल, तर हा बेस १९६५च्या बाराव्या आठवड्याच्या आधीचा असूच शकत नाही. पण नेमका कधीचा? ते पॉट सांगत नाही, कारण तो कारखान्यात वर्षभर पडूनही राहिला असेल. आणि सोल्डर उकरलेलं असेल तर पॉटची साक्षच बाद.

इतिहासाचे विद्यार्थी याला साधनांची चिकित्सा म्हणतात. पुरावा काय सिद्ध करतो, कुठपर्यंत करतो आणि तो मागाहून कोणी बदलला तर नाही ना, हे पाहणं. आपण विज्ञानवाले ‘प्रथमच’ लिहिताना खरं तर इतिहासाचं विधान करत असतो, आणि इतिहासाची ही साधी शिस्त पाळत नाही. त्या रात्री मी इंटरनेटवर बसलो आणि शोधायला लागलो: पहिला बेस कोणाचा?

आधी भानगड काय होती ते बघू

बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला कंप पावते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर या स्वराची तरंगलांबी येते ८ मीटरांहून थोडी जास्त. म्हणजे आपल्या डिपार्टमेंटच्या वर्गाएवढी एक लाट. एवढी लाट हलवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. त्यात आपला कान खालच्या स्वरांना मंद आहे. तोच जोर दिला तरी ४१ हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा फार कमी ऐकू येतो.

विजेच्या आधी यावर उपाय एकच होता, वाद्यच मोठं करायचं. म्हणून डबल बेस माणसापेक्षा उंच असतो. तरीही १९३०च्या दशकातल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये ट्रंपेट आणि ड्रम सुरू झाले की तो ऐकू येईना. प्रवासात नेणं वेगळाच ताप.

आणि नुसता अँप लावूनही भागत नाही. पहिल्यांदा कार्यक्रमात बेस वाजवायला गेलो तेव्हा आमच्या आयोजकाने तो थेट मांडवातल्या भोंग्यांना जोडून दिला. मी जीव तोडून वाजवतोय आणि बाहेर नुसती टकटक! भोंग्याचा आकार माणसाच्या बोलण्यासाठी असतो, त्याच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठी लाट तो बाहेर फेकूच शकत नाही. वॉट वाढवूनही फारसा फरक पडत नाही. शक्ती दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. थोडक्यात, बेस हे एकटं वाद्य नाही. वाद्य, अँप आणि मोठा स्पीकर मिळून तो ‘बेस’ होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिएटल १९३६ की कॅलिफोर्निया १९५१?

बहुतेक लोक सांगतील की पहिली इलेक्ट्रिक बेस गिटार लिओ फेंडरची. १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. नावातच दावा होता. गळ्यावर पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो, डबल बेससारखा अंदाजाने शोधावा लागत नाही.

पण सिएटल शहरात पॉल टुटमार्क नावाचे संगीतशिक्षक होते. त्यांच्या ऑडिओव्हॉक्स कंपनीने १९३६च्या सुमारास मॉडेल ७३६ विकायला काढलं होतं. चार तारा, पडदे, भरीव लाकडी अंग, आडवं धरून वाजवायचं, विजेवर चालणारं. आजच्या बेसची जवळपास सगळी लक्षणं त्यात आहेत, आणि फेंडरच्या १५ वर्षं आधी. त्यातले मोजकेच नग आज शिल्लक आहेत.

मग ‘पहिला’ कोण? तारखेने टुटमार्क, यात वाद नाही. पण १९५१ नंतर जगभर जे बेस बनले ते फेंडरच्या घराण्यातले आहेत. याचं कारण वाद्यात शोधून सापडत नाही, बाजारात सापडतं. टुटमार्क यांचा धंदा मुख्यतः सिएटलच्या आसपासचा. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटारही वाजवत नसे. पण माल दुकानादुकानांत पोचवणारी वितरणाची साखळी त्याच्याकडे होती. बेसपाठोपाठ १९५२ साली त्याने बेसमन नावाचा, खास बेससाठीचा अँपही विकायला काढला. शिवाय लायोनेल हॅम्पटनच्या नावाजलेल्या बँडमध्ये माँक माँटगोमेरीने तो बेस वाजवला, आणि ज्यांनी ऐकला त्या बँडवाल्यांना तो हवासा वाटला. वाद्य, अँप, दुकान आणि ऐकवणारा माणूस एकत्र आल्यावर शोध पसरला.

बेसमनची पुढची कथा याहून गमतीची. बनवला बेससाठी, पण आवडला लीड गिटारवाल्यांना. लंडनमध्ये जिम मार्शलचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना फेंडरचा आवाज हवा होता, पण अमेरिकेहून येणारा माल महाग पडायचा. मार्शलने आपल्या तंत्रज्ञांना बसवलं आणि १९६२ साली बेसमनच्या सर्किटवर आधारलेला जेटीएम-४५ बनवला. इंग्लिश रॉकचा तो फाटका, गुरगुरता आवाज या नकलेतून घडला. आता सांगा, त्या आवाजाचा ‘पहिला’ कोण? सर्किट फेंडरचं, पार्ट स्थानिक, वापर तिसऱ्याच लोकांचा.

मुंबई १९८२

आता आपल्याकडे येऊ. धोबी तलावला फुर्ताडोंचं वाद्यांचं दुकान १८६५ पासून आहे, म्हणजे मुंबईत पाश्चात्त्य वाद्यांची पेठ जुनीच. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गोव्याचे वादक आधी डबल बेस वाजवायचे, हळूहळू बेस गिटार आली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ हे त्यातलं मोठं नाव. ७०च्या दशकातली पंचमची गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका, खाली कोण चालतंय ते कळेल.

पण माल मिळणं कठीण. परदेशी ग्राहकवस्तूंच्या आयातीवर परवान्यांची बंधनं होती. अशा वस्तूंवरची शेवटची बंधनं उठली १ एप्रिल २००१ला, ७१५ वस्तूंवरची. तोवर एक तर कोलकात्याच्या गिव्हसनसारखी देशी गिटार घ्यायची, नाही तर परदेशी जाणारा माणूस गाठायचा, नाही तर कोणाचं तरी जुनं घ्यायचं. आपल्याकडे एकच वाद्य चार-पाच हातांतून फिरण्याची सवय या टंचाईतून आली आहे.

याच मुंबईत चरणजित सिंग नावाचे स्टुडिओ वादक होते. सिनेमासाठी बेस वाजवायचे, इतरही वाद्यं वाजवायचे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं आणली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३. हे तिसरं यंत्र म्हणजे डबीत बसवलेला बेसवादक. एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. खऱ्या बेससारखं ते अजिबात वाजत नसे. सुमारे १०,००० नग बनले आणि १९८४ साली कंपनीने ते बंद केलं.

सिंग यांनी मात्र त्याच्याकडे दुसऱ्या नजरेने पाहिलं. या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या भाषेत मींड. त्यांनी भैरवी, ललत, भूपाली, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग घेतले, खाली डिस्कोचा अखंड ठेका ठेवला आणि १९८२ साली एक रेकॉर्ड केली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती चालली नाही. विषय संपला.

इकडे अमेरिकेत बंद पडलेली टीबी-३०३ जुन्या बाजारात स्वस्तात विकली जाऊ लागली. शिकागोच्या फ्यूचर या तिघांच्या गटाने असंच एक जुनं यंत्र घेतलं, त्याची बटणं उलटसुलट फिरवली आणि १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं. त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात सिंग यांची जुनी रेकॉर्ड सापडली आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. ऐकणारे चक्रावले. हा तर तोच आवाज, आणि पाच वर्षं आधीचा! ‘अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ अशा बातम्या झळकल्या. काहींना तर ही कोणी तरी केलेली थट्टा वाटली.

इथे झाकण उघडायचं

आता कामठीच्या त्या मुलासारखं वागू. पहिला प्रश्न: ही रेकॉर्ड खरंच १९८२ची असू शकते का? वाजलेली यंत्रं पाहा. टीआर-८०८ आलं १९८०ला, ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ आली १९८१च्या आसपास. १९८२ नंतरचं एकही यंत्र त्यात नाही आणि त्या काळातल्या मूळ तबकड्या हातात आहेत. म्हणजे सोल्डर जुळतं. थट्टेची शंका फिटली.

दुसरा प्रश्न: टीबी-३०३ वापरणारे त्या काळी ते एकटेच का? नाही. ऑरेंज ज्यूस या स्कॉटिश बँडच्या ‘रिप इट अप’मध्ये ते ऐकू येतं, १९८३ साली ते गाणं ब्रिटनमध्ये गाजलं. त्याच वर्षी इटलीच्या अलेक्झांडर रोबोटनिकनेही ते वापरलं. म्हणजे ‘यंत्र प्रथमच वापरलं’ हा दावा डळमळतो. पण ‘त्या यंत्रावर अखंड ठेक्यासह रागांची पूर्ण रेकॉर्ड केली’ हा दावा टिकतो. विशेषणं वाढली की दावा लहान होतो, पण पक्का होतो.

तिसरा प्रश्न: शिकागोच्या लोकांनी ती ऐकली होती का? भारतातच न खपलेली ती रेकॉर्ड त्यांच्यापर्यंत पोचल्याचा कुठलाही पुरावा नाही. सारखंच यंत्र हातात आलं की दोन दूरच्या शहरांत सारखा आवाज निघू शकतो. त्यामुळे सिंग तारखेने आधीचे आहेत, पण अ‍ॅसिड हाउस त्यांच्यापासून जन्मलं असं म्हणता येत नाही.

मग त्यांचं मोठेपण कमी झालं का? मला तरी तसं वाटत नाही. ‘शिकागोच्या आधी’ एवढंच म्हटलं तर आपण त्यांना दुसऱ्याच्या मोजपट्टीवर उभं करतो. अपयशी ठरलेल्या यंत्रात एका भारतीय वादकाला मींड दिसली, हे विधान शिकागोशिवायही उभं राहतं. २०१० नंतर, उतारवयात, त्यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली, आणि २०१५ साली ते गेले. त्यांच्या कामाची खरी किंमत व्हायला एक तबकडी जुन्या मालात वीस वर्षं पडून राहावी लागली.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

यातून मी माझ्यापुरते चार प्रश्न काढले. ‘प्रथमच’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा.

१. नेमकं काय प्रथम? पदार्थ, पद्धत, तापमान, मोजमाप की या सगळ्यांची जोडणी? टुटमार्क आणि फेंडर दोघंही ‘पहिले’ आहेत, वेगवेगळ्या गोष्टींत.

२. मी कुठे शोधलं नाही? जुन्या पेपरांत शब्द वेगळे असतात. टुटमार्क यांच्या वाद्याचं नाव ‘बेस फिडल’ होतं. ‘बेस गिटार’ एवढंच शोधणाऱ्याला ते सापडणार नाही.

३. आधीचं काम सापडलं, तर त्याचा माझ्या कामाशी संबंध कोणता? मी त्यातून पुढे गेलो, की स्वतंत्रपणे तिथेच पोचलो? दोन्ही प्रामाणिक असू शकतं, पण लिहायला लागतं.

४. ‘प्रथमच’ काढून टाकलं तर माझ्या कामात काही उरतं का? उरत नसेल, तर अडचण शब्दात नाही, विषयात आहे.

मी पुन्हा शोधायला बसलो. ‘थिन फिल्म’ऐवजी ‘लेयर’, ‘सेन्सर’ऐवजी ‘डिटेक्टर’ असे शब्द टाकले. दोन जुने पेपर निघाले. एकात डोपंट तोच होता, पण थर बनवायची पद्धत वेगळी. दुसऱ्यात पद्धत माझीच, पण मोजमापं सगळी २५० अंश सेल्सिअसच्या वरची. खरं सांगतो, पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही. वाटलं विषयच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर नीट वाचले तेव्हा कळलं की माझा विषय तिथूनच सुरू होतो. एवढ्या तापमानाला सेन्सर चालवायचा तर हीटर लागतो, वीज खर्च होते. खोलीच्या तापमानाला काय होतं, हा प्रश्न तर मोकळाच होता.

सिनॉप्सिसमधलं नवं वाक्य असं झालं: ‘या थरांची अमोनियासाठीची उपलब्ध मोजमापं २५० अंश सेल्सिअसच्या वरची आहेत. प्रस्तुत अभ्यासात खोलीच्या तापमानाला मिळणारा प्रतिसाद मोजला जाईल.’ मॅडमनी ते दोनदा वाचलं, काही न बोलता पान उलटलं आणि थेट प्रयोगाच्या मांडणीवर प्रश्न विचारायला लागल्या. सहा महिन्यांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

बेस गेला कामठीला. जाताना तो मुलगा म्हणाला, “पुढच्या वेळी विकाल तं आधी स्वतः उघडून पाहजा भाऊ.” सिनॉप्सिस जमा करण्याआधी तुम्हीही तेवढं करा.